पाच मिनिटांनंतर फिट आपणहून का थांबत नाही

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

अपस्माराविषयी अधूनमधून जे छापून येते, त्यात कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, दातांत चमचा घालू नका, हे असते. ते खरेच आहे आणि पुन्हा पुन्हा सांगायलाच हवे. पण फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर घरच्यांनी काय करायचे, आणि पाचच मिनिटे का, हे क्वचितच लिहिले जाते. त्याचे उत्तर मेंदूतल्या दोन रसायनांत आहे. ती दोन रसायने कशी वागतात हे एकदा कळले की गोळी वेळेवर का घ्यायची, अचानक का सोडायची नाही, दुसऱ्या आजाराचे औषध घेताना काय विचारायचे, हे नियम पाठ करत बसावे लागत नाहीत. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना थेट चिकटलेल्या नसतात. त्यांच्यात बारीक फट असते. पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत रसायन साठवलेले असते. विजेचा संदेश टोकापर्यंत पोचला की ते फटीत सोडले जाते आणि पलीकडच्या पेशीवरचे ठराविक दार उघडते. या दारांना रिसेप्टर म्हणतात. ग्लुटामेट हे रसायन जी दारे उघडते त्यांतून सोडियम आणि कॅल्शियम आत शिरते आणि पेशी चेतते. गाबा हे रसायन जी दारे उघडते त्यांतून क्लोराइड आत येते आणि पेशी शांत होते. आणखीही अनेक रसायने आहेत, पण फिटच्या बाबतीत मुख्य ओढाताण या दोघांची. विशेष म्हणजे गाबा तयार होतो तो ग्लुटामेटपासूनच. एक एन्झाइम हे रूपांतर करते आणि त्याला काम करायला बी-6 जीवनसत्त्व लागते.

हे केवळ पाठ्यपुस्तकातले नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या काही तान्ह्या बाळांना फिट येऊ लागल्या. दूध टिकवण्याच्या प्रक्रियेत उष्णतेने त्यातले बी-6 नष्ट झाले होते. बी-6 दिल्यावर फिट थांबल्या. उलट बाजूचे उदाहरण कॅनडातले. 1987 च्या अखेरीस प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरहून अधिक लोक आजारी पडले. त्या शिंपल्यांत समुद्री शैवालातून आलेले डोमोइक आम्ल होते, आणि हे आम्ल ग्लुटामेटची दारे उघडते. काहींना फिट आल्या, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली, तिघांचा मृत्यू झाला. वाचलेल्यांपैकी एका वृद्धाला वर्षभराने अपस्मार जडला. एकदाच झालेल्या ग्लुटामेटसारख्या माऱ्याने मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग करपला आणि तिथूनच पुढे फिट सुरू झाल्या.

आपल्याकडे डोक्याला मार, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूतली फीतकृमीची गाठ ही अपस्माराची नेहमीची कारणे. तिथे जो व्रण राहतो त्याच्या भोवतीच्या आधारपेशींचे एक महत्त्वाचे काम बिघडते. फटीत सांडलेले ग्लुटामेट उचलून घेण्याचे हे काम. ते तिथेच रेंगाळले की आसपासच्या पेशी एकदम आणि एका तालात पेटतात. त्यालाच आपण फिट म्हणतो.

बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मेंदूकडे स्वतःचे उपाय आहेत. पेशी जोरात काम करू लागल्या की अ‍ॅडेनोसिन हे रसायन साचते आणि ते ग्लुटामेट सोडणेच कमी करते. गाबाही त्याचे काम करत असतो. म्हणून या काळात घरच्यांनी करायचे ते इतकेच: घड्याळ बघायचे, रुग्णाला एका कुशीवर वळवायचे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचे. तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत.

पण पाच मिनिटे उलटली की आतले चित्र बदलते. सतत उत्तेजित राहिलेली पेशी आपल्या पृष्ठभागावरची गाबाची दारे आत ओढून घेते आणि ग्लुटामेटची काही दारे, विशेषतः एनएमडीए नावाची, बाहेर आणून लावते. म्हणजे शांत करणारी बाजू क्षणाक्षणाला दुबळी होते आणि चेतवणारी बळावते. फिट आता स्वतःलाच खतपाणी घालते. म्हणूनच अपस्मारावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने 2015 मध्ये दोन वेळा ठरवून दिल्या: झटक्यांची मोठी फिट पाच मिनिटे चालली की ती आपणहून थांबण्याची शक्यता कमी, उपचार लगेच सुरू करा, तीस मिनिटे चालली की पेशी मरण्याचा, कायमचे नुकसान होण्याचा धोका.

आता औषधाकडे. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही एकाच घराण्यातली औषधे. ती गाबाचे काम स्वतः करत नाहीत. गाबा आला की त्याचे दार जास्त वेळा उघडेल एवढीच व्यवस्था करतात. दारेच आत गेलेली असतील तर औषध कुठे लागू पडणार? सातव्या मिनिटाला जी मात्रा पुरते ती चाळिसाव्या मिनिटाला पुरत नाही, याचे कारण हे आहे. रुग्णालय अर्ध्या-पाऊण तासावर असेल, आणि आपल्या राज्यात बहुतेक गावांसाठी ते तेवढे असतेच, तर पहिले औषध घरीच मिळायला हवे. गाडी शोधत बसण्यात गेलेली वीस मिनिटे पुढे कुठलाही डॉक्टर भरून काढू शकत नाही.

घरी देण्यासारखे सर्वांत सोयीचे औषध म्हणजे मिडाझोलामचा नाकातला फवारा. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, आणि जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या बाळाला 2, 20 किलोच्या मुलाला 4, आणि 50 किलो व त्यापुढच्या माणसाला 10 मिलिग्रॅम. चूक होते ती इथे. बाटलीवर एका फवाऱ्याचे प्रमाण छापलेले असते आणि ते सगळ्या बाटल्यांत सारखे नसते. एका फवाऱ्यात 0.5 मिलिग्रॅम असेल तर 20 किलोच्या मुलाला 8 फवारे लागतात, चार एका नाकपुडीत, चार दुसरीत. घरचे घाबरून एक-दोन फवारे मारतात आणि ‘औषध लागू पडले नाही’ म्हणतात. मोठ्या माणसासाठी तर अशा बाटलीचे 20 फवारे होतील. एवढे द्रव नाकात मावत नाही, घशात उतरते. त्यांच्यासाठी फवाऱ्यामागे जास्त औषध असलेली बाटली लिहून मागावी. आपल्या माणसाला किती फवारे, हा आकडा डॉक्टरांकडून बाटलीवरच ठळक लिहून घ्यावा. त्या क्षणी गणित सुचत नाही.

कृती अशी. नवी बाटली पहिल्यांदा वापरताना पंप हवेत दोन-चारदा दाबून तुषार येतो का पाहावे, नाहीतर पहिले फवारे रिकामे जातात. बाटली उभी धरावी. नाकात शेंबूड किंवा फेस असेल तर पुसून घ्यावा, कारण औषध नाकाच्या आतल्या अस्तरातून शोषले जाते. फवारा मारताना रुग्ण कुशीवरच असला तरी चालतो. मारल्याची वेळ लिहावी. बहुतेकांना काही मिनिटांतच उतार पडतो आणि झोप लागते. त्यानंतर श्वासावर लक्ष ठेवायचे. श्वास फार उथळ झाला, ओठ निळे पडू लागले तर हनुवटी वर उचलून तोंडातली लाळ बाहेर वाहू द्यावी. 108 ला फोन फवाऱ्याबरोबरच करायचा, परिणामाची वाट पाहायची नाही. दुसरी मात्रा डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तरच. श्वास बंद पडेल या भीतीने अनेक जण फवारा देतच नाहीत. पण लांबलेली फिट स्वतःच श्वास बिघडवते, आणि तो धोका ठरलेल्या मात्रेच्या औषधापेक्षा मोठा आहे. लहान मुलांना तापात येणाऱ्या फिटलाही पाच मिनिटांचा हाच नियम लागू.

प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि छोट्या दवाखान्यांतल्या आमच्या सहकाऱ्यांसाठी चार गोष्टी. शीर मिळत नसेल तर ती शोधण्यात वेळ घालवू नये. 2012 मध्ये अमेरिकेत रुग्णवाहिकांतल्या मोठ्या चाचणीत मांडीच्या स्नायूत दिलेले मिडाझोलाम शिरेतल्या लोराझेपामपेक्षा कमी पडले नाही, उलट सरस ठरले: 40 किलोंच्या वर 10 मिलिग्रॅम, 13 ते 40 किलोंना 5. डायझेपाम मात्र स्नायूत देऊ नये, ते तिथून हळू आणि बेभरवशाने शोषले जाते. ते शिरेतून किंवा गुदद्वारातून द्यावे. शिरेतून लोराझेपाम द्यायचे तर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, कमाल 4. मोठ्या माणसाला भीत भीत 1 मिलिग्रॅम देऊन थांबणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि तेवढ्या वेळात दारे आत जातच राहतात. फिनाइटॉइन ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळू नये, त्याचे खडे होतात. नॉर्मल सलाइनमध्ये, मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या आत द्यावे. पहिल्या औषधाने फिट थांबली नाही तर लेव्हेटिरासिटाम, फॉसफिनाइटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिन्हींचा गुण जवळपास सारखा आला, सुमारे निम्म्या रुग्णांत. म्हणजे जे हाताशी आहे ते पूर्ण मात्रेत लगेच द्यावे. पुढे अतिदक्षता विभागात केटामीन वापरले जाते, ते एनएमडीएची दारे बंद करते म्हणून.

क्षयरोगाच्या औषधाचा उल्लेख वेगळा करायला हवा. आयसोनायझिड हे औषध बी-6 निकामी करते, म्हणून गाबा बनणे अडते. नेहमीच्या मात्रेबरोबर बी-6 ची छोटी गोळी देतात ती मुख्यतः हातापायांच्या नसांसाठी. पण घरातल्या मुलाने किंवा जिवावर उदार झालेल्या कुणी मूठभर गोळ्या एकदम खाल्ल्या तर न थांबणाऱ्या फिट येतात, आणि नुसत्या लोराझेपामने त्या आटोक्यात येत नाहीत. इथे उतारा बी-6 च आहे: जितके ग्रॅम आयसोनायझिड पोटात गेले तितकेच ग्रॅम बी-6, किती गेले ते माहीत नसेल तर मोठ्या माणसाला 5 ग्रॅम. इंजेक्शन नसेल तर गोळ्या कुटून नळीवाटे द्याव्यात. क्षयरोगाच्या गोळ्या घरोघरी असलेल्या आपल्या राज्यात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बी-6 चा एवढा साठा हवा.

अपस्मार असलेल्यांनी दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी औषध घेताना आपला आजार आधी सांगावा. दम्यासाठी दिले जाणारे थिओफायलिन अ‍ॅडेनोसिनची दारे अडवते, म्हणजे फिट थांबवणारी मेंदूची स्वतःची यंत्रणाच बंद पाडते. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांसारखी जुलाबावर दुकानातून थेट विकली जाणारी प्रतिजैविके गाबाच्या दाराशी आडवी येतात. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही टाळलेले बरे. रुग्णालयात दाखल असताना मेरोपेनेम हे प्रतिजैविक सुरू केले तर रक्तातले व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्या औषधाचे प्रमाण एक-दोन दिवसांत कोसळते. नवे प्रतिजैविक मेरोपेनेम तर नाही ना, हा प्रश्न नातेवाइकांनी स्वतःहून विचारावा. आणि कापूर. मुले तो तोंडात घालतात, सर्दीवर तेलात कालवून चोळलाही जातो. पोटात गेलेला कापूर थोड्याच वेळात फिट आणू शकतो. देवघरातली कापराची डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

दारूचेही तसेच. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत गाबाची बाजू सतत दारूच्या टेकूवर उभी असते, म्हणून मेंदू स्वतःची गाबाची दारे कमी आणि ग्लुटामेटची जास्त करतो. दारू अचानक तुटली की 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. सोडावी जरूर, पण रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, फिनोबार्बिटोन ही गाबाला बळ देणारी औषधे अचानक बंद केल्यावरही हेच घडते. अपस्मारावरच्या ‘जडीबुटी’च्या काही पुड्यांत फिनोबार्बिटोनसारखी औषधे न सांगता मिसळलेली असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. अशी पुडी वर्षभर घेऊन एका दिवशी थांबवणारा माणूस लांबलेल्या फिटच्या तोंडी जातो, आणि डॉक्टरांना कारणही कळत नाही.

नियमित गोळ्यांबाबत एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सगळी औषधे शरीरात सारखी टिकत नाहीत. लेव्हेटिरासिटाम सहा-आठ तासांत निम्मे होते, फिनोबार्बिटोनला निम्मे व्हायला चार-एक दिवस लागतात. म्हणून लेव्हेटिरासिटामच्या लागोपाठ दोन गोळ्या चुकल्या तर संरक्षण जवळजवळ उरत नाही. चुकलेली गोळी आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन्ही एकदम न घेता डॉक्टरांना विचारावे. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार यांच्या उपवासात गोळी पाण्याबरोबर घ्यावीच. रोजे धरायचे असतील तर सहेरी आणि इफ्तारच्या वेळांशी औषध जुळवून घेता येते का हे महिनाभर आधी विचारावे. जागरण ही तर फिटची हमखास वाट. गणपतीच्या दिवसांत, परीक्षेच्या आधी आणि लग्नघरात हे विशेष सांभाळावे. दोन वर्षे फिट आली नाही म्हणून औषध बंद करायचे ठरले तरी ते काही महिन्यांत, एका वेळी एकच औषध, पायरी पायरीने कमी होते, आणि ते ठरवायचे डॉक्टरांनी.

स्त्रियांसाठी आणखी थोडे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात एक पदार्थ बनतो, तो गाबाच्या दाराला मदत करतो. पाळीच्या आधी तो झपाट्याने घटतो. म्हणून काहींना नेमक्या त्या तीन-चार दिवसांत फिट येतात. फिटच्या आणि पाळीच्या तारखा एकाच दिनदर्शिकेवर तीन महिने लिहून दाखवल्या तर डॉक्टर त्या दिवसांपुरते क्लोबाझाम देण्यासारखा उपाय करू शकतात. नुसते ‘महिन्यातून एकदा येते’ सांगितले तर हा धागा हाती लागत नाही. मूल होण्याचा विचार असेल तर व्हॅल्प्रोएटबद्दल आधीच बोलावे. त्याने गर्भात व्यंगाचा धोका दहात एकाच्या आसपास जातो आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. पण दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून ते स्वतःच्या मनाने बंद करणे त्याहून घातक ठरू शकते.

हे सारे वाचून कुणी गाबाच्या गोळ्या मागवेल, म्हणून स्पष्ट लिहितो: पूरक आहार म्हणून विकला जाणारा गाबा रक्तातून मेंदूत पुरेसा पोचतच नाही, अपस्मारावर त्याचा उपयोग नाही. तसेच अजिनोमोटोतले ग्लुटामेट नेहमीच्या खाण्यातून मेंदूत शिरत नाही, त्याच्या भीतीने मुलाला पंगतीतून उठवू नये. आणि गाबाचे औषध म्हणजे प्रत्येक फिटवर चांगलेच असेही नाही. वर्गात क्षणभर टक लावून थांबणाऱ्या मुलांच्या अपस्मारात गाबा वाढवणारे व्हिगाबॅट्रिन उलटे पडते, कार्बामाझेपिन आणि फिनाइटॉइननेही तो वाढतो. शेजारच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला देऊ नये, ती याचसाठी.

शासनाकडे आणि शाळांकडे आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि 108 च्या गाडीत मिडाझोलाम आणि ते नाकातून देण्याची सोय असावी, आशा ताईंना फवारा देण्याचे प्रशिक्षण मिळावे. शाळेत अपस्मार असलेल्या प्रत्येक मुलाचा एक कागद वर्गशिक्षकांकडे असावा: मुलाचे वजन, किती मिनिटांनी किती फवारे, कोणत्या नाकपुडीत किती, पालकांचा फोन, डॉक्टरांची सही, बाटलीची मुदत संपण्याची तारीख. बाटली कुलूपबंद कपाटात नको. कपाटाची किल्ली असलेली व्यक्ती त्या दिवशी रजेवर असू शकते. आणि हा कागद दर सहा महिन्यांनी, मुलाचे वजन पुन्हा करून, नव्याने लिहावा. 12 किलोंवर ठरवलेली मात्रा 25 किलोंच्या मुलाला निम्मीच पडते.

आपले,
अपस्मारावर उपचार करणारे काही डॉक्टर